वारंवार उतरणारी बॅटरी: उभ्या राहणाऱ्या पोर्श ९११चं दुखणं आणि घरच्या घरी त्यावर इलाज

नवी बॅटरी टाकून वर्ष होत नाही तोच गाडी पुन्हा सेल्फ घेत नाही. कधी किल्लीचं बटण दाबलं तरी दिवे लुकलुकतसुद्धा नाहीत. कधी दार उघडतं, डॅशबोर्डवर चार-पाच बिघाडांच्या सूचना एकदम झळकतात आणि सेल्फ मारला की नुसतं टक-टक-टक. मग जंपर, मग बॅटरीवाला, मग आणखी एक नवी बॅटरी, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

पोर्श ९११, बॉक्स्टर किंवा केमन बाळगणाऱ्या ओळखीच्या लोकांकडून ही तक्रार सतत ऐकू येते. इथे मी मुख्यतः ९११च्या ९९७ आणि ९९१ या दोन पिढ्यांबद्दल लिहितोय. पहिली २००४ मध्ये आली, दुसरी २०११ मध्ये, आणि आपल्याकडे वापरलेल्या बाजारात फिरणाऱ्या बऱ्याच गाड्या याच. उपाय मात्र बहुतेक सगळ्या स्पोर्ट्स कारना लागू पडतात. माझं म्हणणं सरळ आहे: बॅटरी बदलण्याआधी मोजा. बहुतेक वेळा बॅटरीत दोष नसतो आणि गाडीतही नसतो. गाडी उभी राहते, हेच कारण असतं.

आपल्याकडे ती उभी का राहते तेही समजण्यासारखं आहे. जून ते सप्टेंबर मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर साचलेलं पाणी आणि त्याखालचा न दिसणारा खड्डा. पुढचं नाक जमिनीपासून चार-पाच इंचांवर, टायरची भिंत जेमतेम दोन बोटांची. शहाणा माणूस अशा दिवसांत गाडी झाकूनच ठेवतो. पण झाकलेली गाडी पूर्ण झोपत नाही. अलार्म जागा असतो, किल्लीचा सिग्नल ऐकणारा रिसीव्हर जागा असतो, घड्याळ आणि कॉम्प्युटरच्या आठवणी जिवंत ठेवायच्या असतात. या सगळ्यांना मिळून थोडा करंट कायम लागतो.

हिशेब करून बघा. निरोगी गाडी झोपल्यावर ५० मिलिअँपिअरपर्यंत करंट घेत असेल तर ते ठीकच मानतात. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर. महिन्याला ३६. बॅटरी ८० अँपिअर-अवरची असेल तर काहीही न बिघडता, एका महिन्यात ती निम्म्याजवळ येते. त्यात बॅटरीचं स्वतःचं आपोआप उतरणं धरा, आणि ते उन्हाळ्यात, तापलेल्या पार्किंगमध्ये आणखी वेगानं होतं. बॅटरी वर्षभर जुनी असेल तर तिची खरी क्षमता कागदावरच्या ८० पेक्षा कमीच असते. म्हणजे पाच-सहा आठवडे उभ्या राहिलेल्या गाडीनं सेल्फ घेतला नाही, तर ते तिचं अगदी स्वाभाविक वागणं आहे.

आता त्यात डॅशकॅम घाला. पार्किंग मोडवर चालणारा कॅमेरा पाव अँपिअर सहज घेतो. दिवसाला ६ अँपिअर-अवर. गाडीच्या स्वतःच्या भुकेसकट आठवड्यात पन्नास. आठवड्याभरात बॅटरी झोपली की कॅमेऱ्याची वायर फ्यूजपेटीत कुठे जोडली आहे, ते आधी बघा. इन्शुरन्ससाठी बसवलेला जीपीएस ट्रॅकर, ओबीडी पोर्टात (बिघाड वाचायच्या सॉकेटमध्ये) कायम खोचून ठेवलेलं ब्लूटूथचं डबडं, नंतर बसवलेला अँप्लिफायर, हे सगळे त्याच रांगेतले. फास्टॅगवर उगाच संशय घेऊ नका. त्यात बॅटरीही नाही आणि तो गाडीतून काही घेतही नाही.

दहा मिनिटं चालू ठेवण्याची सवय

या विषयावर मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते हे. सोसायटीच्या वॉचमनला किंवा ड्रायव्हरला किल्ली देऊन "दोन दिवसांआड दहा मिनिटं चालू ठेव" असं सांगून लोक निर्धास्त होतात. काळजीपोटीच करतात, पण यानं गाडीचं नुकसान होतं.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी घाईनं भरत नाही. निम्म्यावरून ऐंशी टक्क्यांपर्यंत ती बरी भरते, पण शेवटचे वीस टक्के घ्यायला तासन्‌तास लागतात. दहा मिनिटांत अल्टरनेटरनं (इंजिनावर चालणाऱ्या जनित्रानं) जे दिलं, त्यातलं काही सेल्फनं, पंख्यानं, एसीनं, दिव्यांनी आधीच खाल्लेलं असतं. बॅटरी कायम अर्धपोटी राहते, आणि अर्धपोटी बॅटरीत प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात. ते एकदा पक्के झाले की क्षमता परत येत नाही. नवी बॅटरी वर्षात जाते ती अशी.

इंजिनाचंही तेच. मागे बसलेल्या त्या सहा सिलिंडरच्या बॉक्सर इंजिनात आठ लिटरच्या आसपास तेल असतं. उभ्या उभ्या दहा मिनिटांत ते तापतच नाही. डॅशवर ऑइलच्या तापमानाचा वेगळा काटा दिलाय तो बघा, पाण्याचा काटा जागेवर आला तरी तो खालीच असतो. थंड इंजिनात जळणातून तयार झालेलं पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्ये साचतं, आणि गरम होऊन उडून जायच्या आत आपण इंजिन बंद करतो. पावसाळी हवेत तर हे आणखी वाईट.

चालवायची तर नीट चालवा, नाहीतर चालूच करू नका. पाऊस उघडलेला रविवार, पहाटेचे साडेपाच, रस्ता कोरडा. पुण्यातून पानशेतकडे किंवा ताम्हिणीच्या दिशेनं निघा, मुंबईकरांनी जुन्या हायवेनं खोपोलीपर्यंत जावं. पहिली वीस मिनिटं इंजिनाला घाई करायची नाही. तेलाचा काटा चढला, की मग पाठीमागून तो आवाज सुरू होतो. पुढे इंजिन असलेल्या कुठल्याही गाडीत तो असा पाठीशी येत नाही. स्टिअरिंगमधून रस्त्याचा पोत तळहाताला कळतो, घाटातल्या वळणावर मागची चाकं जमिनीत रुतल्यासारखी धरतात. तास-दीड तास असं चालवून आणलं की तेलातलं पाणी उडालेलं असतं, डिस्कवरचा गंज घासून गेलेला असतो, टायर गोल झालेले असतात आणि बॅटरीलाही बरंच काही मिळालेलं असतं. ही गाडी घेतली कशासाठी, तर याचसाठी. तिची निगा आणि तिचं सुख या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

आत्ता बंद पडली आहे, तर

आधी डॅशवरच्या सूचनांना घाबरू नका. व्होल्टेज पडलं की पीएसएम (गाडी घसरू न देणारी यंत्रणा), एअरबॅग, सस्पेन्शन, एकेक कॉम्प्युटर तक्रार करायला लागतो. त्यातल्या बहुतेक तक्रारी बॅटरी भरल्यावर आपोआप जातात. त्या वाचून कोणी हजारोंचा सेन्सर बदलायला सांगत असेल तर आधी बॅटरी पूर्ण भरा, मग ऐका.

खरी अडचण वेगळी आहे. या गाड्यांची बॅटरी पुढच्या डिकीत, काचेच्या पायथ्याशी असते. पुढच्या डिकीचं कुलूप मात्र विजेवर चालतं. म्हणजे बॅटरीपर्यंत पोचायला बॅटरी लागते! पहिल्यांदा हे कळतं तेव्हा घाम फुटतो, पण वाट ठेवलेली आहे.

किल्लीतल्या साध्या पात्यानं ड्रायव्हरचं दार उघडा, सावकाश. ९११च्या दाराला काचेभोवती चौकट नाही. एरवी दार उघडताना काच थोडी खाली सरकते आणि रबरातून सुटते. वीज नसेल तर ती सरकत नाही. दार हिसकलं तर काच आणि रबर दोन्हींवर ताण येतो. काच तळहातानं हलकेच आत-खाली दाबत दार सोडवा, आणि काम होईपर्यंत ते पूर्ण लावू नका. फटीत जुना टॉवेल ठेवा.

पायापाशी बाजूच्या प्लास्टिकच्या झाकणामागे फ्यूजपेटी आहे. कुठल्या बाजूला, ते तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत बघा. त्यात एक लाल टर्मिनल असतं, ते बाहेर ओढता येतं. दुसऱ्या बॅटरीची किंवा खिशात मावणाऱ्या जंप स्टार्टरची लाल क्लिप त्याला लावा. काळी क्लिप दाराच्या बिजागरीच्या किंवा दार अडकतं त्या हुकाच्या उघड्या धातूला. अलार्म ओरडला तर ओरडू द्या, किल्लीवरचं अनलॉक दाबलं की गप्प होतो. मग किल्लीवरचं पुढच्या डिकीचं बटण दाबा. कट्ट आवाज येऊन झाकण सुटेल. क्लिपा लगेच काढा. हे टर्मिनल फक्त झाकण उघडायला आहे. त्यावरून इंजिन चालू करायचा प्रयत्न केला तर फ्यूज आणि वायरिंग जळेल.

डिकी उघडली की बॅटरीवरचं झाकण काढा आणि शक्य असेल तर जंपर न लावता चार्जर लावा. रात्रभर. पूर्ण उतरलेली बॅटरी जंपर देऊन चालू केली की सगळा भार अल्टरनेटरवर पडतो, आणि तो भाग बॅटरीपेक्षा कितीतरी महाग आहे. निघणं अगदीच गरजेचं असेल तर जंपर लावा. लाल बॅटरीच्या प्लसला, काळी बॉडीच्या अर्थला.

धक्का स्टार्टचा विचार सोडून द्या. पीडीके, म्हणजे पोर्शचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर तो शक्यच नाही. मॅन्युअल असली तरी इंजिनच्या कॉम्प्युटरला आणि पेट्रोलच्या पंपाला वीज लागतेच. ९९१ मध्ये हँडब्रेकही विजेवर आहे, त्यामुळे तळघरातल्या पार्किंगमध्ये बॅटरी पूर्ण मेली तर गाडी जागची हलत नाही. टोइंगवाल्याला ओढून काढू देऊ नका. आधी वीज द्या, ब्रेक सोडवा, मग काय ते.

वीज परत आली की खिडक्या शिकवाव्या लागतात. काच पूर्ण वर घ्या आणि बटण आणखी काही क्षण वर धरून ठेवा. दोन्ही बाजूंना. तोवर दार आपटू नका. पीएसएमचा दिवा राहिला असेल तर इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, बहुतेक वेळा जातो.

चोर कुठे आहे

बॅटरी पूर्ण भरली, गाडी आठवडाभर उभी होती आणि तरीही उतरली, तर मग मात्र कुठेतरी करंट गळतोय. तो शोधायला वर्कशॉप लागत नाही. एक मल्टिमीटर आणि संयम पुरतो. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, दोन्हीकडे चांगला मीटर मिळतो. क्लॅम्प मीटर घेणार असाल तर तो डीसी करंट मोजतो ना, हे विचारून घ्या. स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात आणि इथे त्यांचा काही उपयोग नाही. डीसी क्लॅम्प असेल तर बॅटरीची वायर काढावीच लागत नाही, म्हणून मी तोच घ्यायला सांगेन.

पुढची डिकी उघडी ठेवून मोजायचं आहे. पण डिकी उघडी असताना गाडी झोपत नाही, तिचा दिवाही जळत राहतो. म्हणून झाकणाचं लॅच स्क्रू ड्रायव्हरनं दाबून बंद करा, म्हणजे गाडीला वाटतं झाकण लागलं. काम संपल्यावर झाकण खाली आणण्याआधी किल्लीनं ते लॅच पुन्हा उघडायला विसरू नका, नाहीतर बंद लॅचवर झाकण आपटून पत्रा वाकेल.

क्लॅम्प बॅटरीच्या वायरीभोवती बसवा, गाडी लॉक करा, किल्ली लांब घरात ठेवा. कीलेस गाडीची किल्ली जवळपास असली की गाडी पुन्हा पुन्हा जागी होते. काहीजणांची गाडी घरातल्या किल्लीच्या स्टँडपासून भिंतीपलीकडेच उभी असते, तेवढंसुद्धा कारण पुरतं. आता थांबा. सुरुवातीला काही अँपिअर दिसतील, मग एकेक कॉम्प्युटर झोपत जाईल आणि आकडा पायऱ्या उतरत खाली येईल. अर्धा-पाऊण तास द्या. पहिल्या पाच मिनिटांतला आकडा बघून निष्कर्ष काढू नका.

तासाभरानंतरही आकडा ५० मिलिअँपिअरच्या बराच वर असेल तर फ्यूज तपासायला घ्या. ते उपटू नका. फ्यूज काढून परत लावला की झोपलेला भाग जागा होतो आणि सगळं मोजणं वाया जातं. फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्या दोन ठिपक्यांवर टोकं टेकवा. करंट वाहत असेल तर काही अंश मिलिव्होल्ट दिसेल, नसेल तर शून्य. ज्यावर आकडा दिसला ते सर्किट चोराचं. फ्यूजपेटीपाशी जायला दार उघडं लागतं, तर दाराचं लॅचही त्याच पद्धतीनं आधी बंद करून ठेवा.

नंतर बसवलेल्या वस्तू बाजूला केल्यावर या गाड्यांत सापडणारा जुना गुन्हेगार म्हणजे दाराच्या कुलुपातला मायक्रोस्विच. तो झिजला की दार लावलेलं असूनही गाडीला ते उघडं वाटतं आणि ती झोपत नाही. खूण सोपी आहे: दार उघडताना काच खाली सरकत नाही, किंवा लावल्यावर वर जात नाही, किंवा लॉक करताना गाडी वेगळाच हॉर्न देते. यातलं काहीही आधीपासून होत असेल तर फ्यूज मोजत बसायचीही गरज नाही, सरळ कुलूप बघा. डिकीचा आणि ग्लोव्ह बॉक्सचा दिवा विझतो का तेही पाहा. मोबाइलचा व्हिडिओ चालू करून आत ठेवला की उत्तर मिळतं. पावसाळ्यात पार्किंगमध्ये उंदीर असतील तर वायरी कुरतडल्यात का, तेही डिकीच्या कडेनं बघून घ्या. बॅटरीच्या आजूबाजूला काचेखालच्या खाचेत पाणी वाहून जायची भोकं आहेत, ती पाल्यानं तुंबलेली असतील तर त्याच वेळी मोकळी करा. तिथे साचलेलं पाणी आत गालिच्याखाली जातं.

एक वेगळी गोष्ट इथेच सांगतो. बॅटरी भरलेली आहे, सकाळी सेल्फ झकास घेते, पण तासभर चालवून पेट्रोल पंपावर थांबलात की गरम इंजिन रडत रडत फिरतं. हे बॅटरीचं लक्षण नाही. सुरुवातीच्या ९९७ मध्ये आणि तिच्या आधीच्या ९९६ मध्ये सेल्फ आणि अल्टरनेटरकडे जाणारी जाड केबल आतून गंजते, आणि गरम झाली की तिचा अडथळा वाढतो. इथे केबल बदला, बॅटरी नको.

कायमचा इलाज

चोर सापडो न सापडो, उभ्या राहणाऱ्या गाडीला मेंटेनर चार्जर हवाच. बॅटरी भरली की स्वतःहून मंद होणारा, महिनोन्‌महिने लावून ठेवता येणारा. खुद्द पोर्श ‘चार्ज-ओ-मॅट’ नावानं असा चार्जर विकते, स्वीडनच्या सीटेकचे चार्जरही लोक भरवशानं वापरतात. रस्त्यावरच्या बॅटरीवाल्याकडचा जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर मात्र यासाठी नको. तो थांबत नाही.

जोडणी एकदाच नीट करा. रिंग टर्मिनल असलेली फ्यूजवाली छोटी वायर बॅटरीच्या प्लसला आणि बॉडीच्या अर्थ बोल्टला कायमची बसवा, तिचं टोक झाकणाच्या रबराखालून बाहेर काढा, जिथे ते चेपणार नाही. यातून आणखी एक फायदा होतो. गाडी न उघडता त्याच टोकावर मीटर लावून व्होल्टेज बघता येतं. दार उघडलं की गाडी जागी होते आणि आकडा खोटा येतो. रात्रभर झोपलेल्या गाडीत १२.६ ते १२.८ म्हणजे पोट भरलेलं, १२.४ म्हणजे चार्जर लावा, १२.२ म्हणजे निम्मी गेली. १२.० वर ती जवळजवळ रिकामी आहे, आणि तिथे एक आठवडाही ठेवू नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.७च्या मध्ये आकडा आला की अल्टरनेटर ठीक.

बऱ्याच गाड्यांत लायटर सॉकेट किल्ली काढल्यावरही चालू असतं, तिथूनही चार्ज करता येतं. तुमचं चालू राहतं का ते गाडी झोपल्यावर तपासा.

आता सोसायटी. पार्किंगमध्ये पॉइंट नाही आणि कमिटी परवानगी देत नाही, इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. सेक्रेटरींना आकडा सांगा. भरलेल्या बॅटरीवर मेंटेनर जास्तीत जास्त दहा वॅट घेतो असं धरलं तरी महिन्याला सात युनिट होतात. एवढ्यासाठी स्वतःच्या मीटरवरून वायर ओढायची तयारी दाखवा, ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, चार्जर जमिनीवर न ठेवता भिंतीला टांगा. आता कितीतरी सोसायट्यांत इलेक्ट्रिक गाड्यांसाठी पॉइंट येतायत, त्याच वेळी आपलाही विषय घ्या, लवकर मार्गी लागतो. वीज मिळणारच नसेल तर बॅटरी काढून घरी आणून भरणं हा मार्ग उरतो, पण बॅटरी काढलेली असताना पुढची डिकी लावून टाकू नका. ती उघडायला पुन्हा फ्यूजपेटीचा सगळा खटाटोप करावा लागतो.

लिथियम बॅटरी असेल तर चार्जर वेगळा लागतो. पोर्शनं २०१० मध्ये ९११ जीटी३ आणि बॉक्स्टर स्पायडरसाठी अशी हलकी बॅटरी पर्याय म्हणून दिली, सहा किलोंपेक्षा कमी वजनाची, नेहमीच्या बॅटरीहून दहा किलोंवर हलकी. आता हौसेनं नंतरही बसवतात. लेड-अ‍ॅसिडच्या चार्जरमधला सल्फेट तोडायचा मोड तिला चालत नाही. चार्जरवर लिथियमचा पर्याय लिहिलेला नसेल तर लावूच नका.

एवढं सगळं करून, पूर्ण भरलेली बॅटरी चार्जरवरून काढल्यावर चोवीस तासांतच १२.४च्या खाली येत असेल आणि झोपेतला करंट ५० मिलिअँपिअरच्या आत असेल, तर बॅटरीच संपली आहे. लोड टेस्ट करून घ्या आणि बदला. घेताना वरची उत्पादनाची तारीख बघा. दुकानात वर्षभर पडून राहिलेली बॅटरीही तिथे उभ्या उभ्या उतरलेलीच असते. मूळ बॅटरी एजीएम (काचेच्या तंतूंत अ‍ॅसिड शोषून ठेवणारी) असेल तर एजीएमच घ्या, आणि नवी बसवली त्याच संध्याकाळी मेंटेनर लावा.